खाली दुकानात, वर गच्चीवर: इंग्लिशमधल्या 'डाऊन टू', 'ओव्हर ॲट'वाल्या जोड्या कशा पकडायच्या

माझा भाचा साताऱ्याहून ऐरोलीला जॉबला लागला, राहायला आमच्याकडेच ठाण्यात वर्तकनगरला, आणि दुसऱ्याच आठवड्यात जेवताना विचारतो, "मामा, हे लोक सरळ 'टू' का नाही म्हणत? प्रत्येक वेळी 'डाऊन टू', 'ओव्हर टू', 'बॅक टू', काहीतरी शेपूट असतंच." मला हसूच आलं कारण त्याच्या वयात मी ह्याच शेपटात अडकून पडलो होतो. तेव्हा मी पण एका कॉल सेंटरला होतो, इंग्लंडचे कस्टमर, नाईट शिफ्ट. एका माणसाला बिलाचा नंबर विचारला तर तो म्हणाला 'आय ॲम डाऊन ॲट माय मम्स'. मला फक्त 'डाऊन' ऐकू आलं आणि 'मम्स' ऐकू आलं, म्हटलं गेली बहुतेक बिचाऱ्याची आई, आणि मी एकदम गंभीर आवाजात 'आय ॲम सो सॉरी टू हिअर दॅट सर'. पलीकडे दोन सेकंद शांतता. तो फक्त आईकडे गेला होता हो, बिल घरी राहिलं होतं. तो कॉल नंतर ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना ऐकवला गेला, सोडा तो विषय.

तर भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, मी काही मास्तर नाही. ज्यांचं शाळेतलं ग्रामर ठीक आहे, मेल लिहिता येतो, पण समोरचा भराभर बोलायला लागला की ही छोटी छोटी अक्षरं हातातून निसटतात, त्यांच्यासाठी आहे हे.

पहिली पायरी: आधी मराठी ऐका

खरंच, इंग्लिश बाजूला ठेवा आणि एक दिवस घरातली माणसं काय बोलतात ते ऐका. "खाली दुकानात जाऊन येतो." "ती वर गच्चीवर आहे." "आत किचनमध्ये बघ." "बाहेर गॅलरीत वाळत घाल." "परत ऑफिसला गेला." आता मला सांगा, 'दुकानात जाऊन येतो' एवढं पुरेसं होतं ना, मग 'खाली' कशाला? कारण आपण तिसऱ्या मजल्यावर उभे आहोत आणि दुकान बिल्डिंगच्या खाली आहे. म्हणजे पहिला शब्द सांगतो की मी जिथे उभा आहे तिथून कुठल्या दिशेला, आणि दुसरा शब्द नेमकी जागा सांगतो आणि त्याला प्रत्यय लागतो. दुकाना-त, गच्ची-वर, ऑफिस-ला.

इंग्लिश हुबेहूब हेच करतं. 'डाऊन टू द शॉप'. डाऊन म्हणजे खाली, टू म्हणजे तो प्रत्यय, शॉप म्हणजे दुकान. फरक एवढाच की आपला प्रत्यय शब्दाच्या मागे चिकटतो आणि त्यांचा पुढे येऊन उभा राहतो, त्यामुळे दिशा आणि प्रत्यय शेजारी शेजारी येतात आणि आपल्याला वाटतं की हा काहीतरी जोडशब्द आहे, पाठ करायला पाहिजे. पाठ करू नका. 'खाली दुकानात' पाठ केलं होतं का कधी?

ग्रामरवाले पहिल्याला ॲडव्हर्ब म्हणतात आणि दुसऱ्याला प्रेपोझिशन. पहिला काढला तरी वाक्य उभं राहतं, 'आय ॲम गोइंग टू द शॉप' अगदी बरोबर आहे. पण बोलताना ते थोडं कोरडं वाटतं, फॉर्म भरल्यासारखं.

दुसरी पायरी: उलटं शिका, दुसरा शब्द आधी

सगळे 'अप', 'डाऊन'पासून सुरू करतात आणि गोंधळतात. तुम्ही मागच्या शब्दापासून सुरू करा कारण तिथे तीनच खाने आहेत आणि ते शाळेत विभक्तीत शिकलोय. जातोय तर 'टू'. तिथेच आहे तर 'ॲट', 'इन' किंवा 'ऑन'. तिथून येतोय तर 'फ्रॉम'. म्हणजे चतुर्थी, सप्तमी, पंचमी, झालं.

आता ठाण्यात बसून ऐरोलीबद्दल बोला. 'आय ॲम गोइंग ओव्हर टू ऐरोली', 'माय ऑफिस इज ओव्हर इन ऐरोली', 'ही केम ओव्हर फ्रॉम ऐरोली'. ओव्हर तिन्हीकडे तोच, मागचा शब्द बदलला.

पण इथे मराठी माणसासाठी एक खड्डा आहे आणि तो मी स्वतः पडून बघितलाय. आपला 'ला' दोन्हीकडे चालतो. 'मी ऐरोलीला जातोय' आणि 'मी ऐरोलीला आहे', दोन्हीकडे 'ला'च. मावशीकडे जातो, मावशीकडे आहे, दोन्हीकडे 'कडे'. त्यामुळे तोंडातून निघतं 'आय ॲम ओव्हर टू माय आंटीज प्लेस', आणि ऐकणाऱ्याला कळतच नाही की तू पोचलास की अजून रस्त्यात आहेस. बसलाय तिथे तर 'ओव्हर ॲट माय आंटीज'. निघालाय तर 'ओव्हर टू'. बोलायच्या आधी अर्धा सेकंद स्वतःला विचारा की पाय हलतायत का. हलतायत तर टू. माझ्या मते ह्या सगळ्या लेखातून एवढं एकच उचललंत तरी अर्ध्याहून जास्त चुका कमी होतील.

तिसरी पायरी: आता दिशा

अप आणि डाऊन. आपल्याला वाटतं चढ-उतार, आणि तो अर्थ आहेच, वर्तकनगरहून 'अप टू येऊर' कारण येऊर डोंगरावर आहे, आणि 'डाऊन टू द लेक' कारण येऊरहून उतरलं की उपवनचा तलाव. पण इंग्रज माणूस सपाट रस्त्यावर पण 'डाऊन द रोड' म्हणतो, तिथे उतार शोधू नका, फक्त 'ह्याच रस्त्याने पुढे' एवढंच आहे. मग नकाशाचा हिशोब, उत्तर वर आणि दक्षिण खाली, म्हणून ठाण्यातून 'अप इन दिल्ली' आणि 'डाऊन इन कोल्हापूर'. हे आपण पण करतो की, फक्त नकाशाने नाही तर घाटाने. घाटावरचा माणूस 'खाली कोकणात' म्हणतो आणि कोकणातला 'वर घाटावर'. आता ठाण्याहून पुण्याला जाणं म्हणजे अप की डाऊन? नकाशा धरला तर डाऊन, खंडाळ्याचा घाट धरला तर अप. दोन्ही चालतं, कोणी मार्क कापत नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यात काय आहे त्यावर आहे.

आणि तिसरा हिशोब आपल्या रोजच्या तोंडात आहे फक्त लक्षात आलेला नाही. स्टेशनवर 'अप लोकल', 'डाऊन लोकल' म्हणतो ना आपण. सीएसएमटीकडे जाणारी अप, तिकडून कल्याणकडे येणारी डाऊन. कुठे चढ आहे त्यात? काही नाही. ही पद्धत इंग्लंडच्या रेल्वेची, तिकडे लंडनकडे जाणारी लाईन अप आणि लंडनपासून लांब जाणारी डाऊन, मग लंडन उंचावर असो नसो. मोठं गाव म्हणजे वर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली ३४ किलोमीटर, ती आजच्या हिशोबाने डाऊनच म्हणायची. तिकडचे लोक अजून 'अप टू लंडन' म्हणतात, स्कॉटलंडमधून खाली येणारे मात्र नकाशा धरून 'डाऊन टू लंडन' म्हणतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकायला गेला की 'वेंट अप', आणि काढून टाकला की 'सेंट डाऊन'. आपली गावाकडची माणसं मुंबईला 'वर' नाही म्हणत, पण भाव तोच.

'अप टू'चा अजून एक उपयोग, माणसाच्या अगदी जवळ जाणं. 'अ मॅन केम अप टू मी ॲट द स्टेशन', स्टेशनवर एक जण माझ्याजवळ आला. नुसतं 'केम टू मी' म्हटलं की काम घेऊन आला असं वाटतं, 'अप टू'ने तो चालत येऊन समोर उभा राहिलेला दिसतो. बाकी 'अप टू फाइव्ह किलोज' म्हणजे पाच किलोपर्यंत, 'इट्स अप टू यू' म्हणजे तू ठरव, 'व्हॉट आर यू अप टू' म्हणजे काय चाललंय, ह्यात दिशाबिशा काही उरलेली नाही, हे तीन तसेच उचला.

ओव्हर हा सगळ्यात लाडका शब्द. मूळ अर्थ काहीतरी ओलांडून, पलीकडे. ठाणे आणि ऐरोलीमध्ये खाडी आहे म्हणून 'ओव्हर इन ऐरोली' मस्त बसतो. पण रोजच्या बोलण्यात ओलांडायला काही नसलं तरी चालतं, थोडंसं अंतर आणि थोडी आपुलकी एवढ्यावर येतो. 'कम ओव्हर टू अवर प्लेस' म्हणजे ये ना आमच्याकडे. इंग्लंडवाले इथे 'राऊंड' पण म्हणतात, 'कम राऊंड टू अवर्स', ऐकलं तर गोल फिरून यायचं नाहीये.

आऊट म्हणजे बंद जागेतून बाहेर, आणि दुसरं म्हणजे मध्यापासून लांब. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे कोणी फ्लॅट घेतला की ठाणे स्टेशनजवळचा माणूस म्हणेल 'ही लिव्ह्ज आऊट ऑन घोडबंदर रोड'. त्या 'आऊट'मध्ये थोडं "बापरे, एवढ्या लांब" आहे. कासारवडवलीच्या माणसासमोर जपून वापरा. उलट बदलापूर-कर्जतहून जो रोज आत येतो तो 'कम्स इन फ्रॉम बदलापूर'. लांबून शहराकडे आला की इन.

बॅक सोपा आहे, परत. 'बॅक टू', 'बॅक ॲट', 'बॅक फ्रॉम'. फक्त 'रिटर्न बॅक' आणि 'रिव्हर्ट बॅक' आपण जे लिहितो त्यात बॅक आधीच आत बसलेला आहे, दोनदा कशाला. ऑफिसमध्ये 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणा, सुटसुटीत आहे.

ऑफ म्हणजे निघाला. 'शी इज ऑफ टू वाशी', ती वाशीला निघाली. अवे फ्रॉम म्हणजे लांब, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चौथी पायरी: जिथे 'टू' लावायचाच नाही

होम, हिअर, देअर, अपस्टेअर्स, डाऊनस्टेअर्स, अब्रॉड. ह्या शब्दांच्या पोटात प्रत्यय आधीच आहे. आपण 'घरी' म्हणतो, 'घरीला' म्हणतो का? मग 'गो टू होम' का म्हणायचं. 'गो होम', 'कम हिअर', 'वेंट अब्रॉड', 'गो अपस्टेअर्स'. पण गंमत बघा, ह्यांना स्वतःला दिशा मानून पुढे जागा जोडता येते. 'वेंट होम टू सातारा', घरी साताऱ्याला गेला. 'अपस्टेअर्स टू द टेरेस', वर गच्चीवर. परत मराठीसारखंच झालं ना, घरी साताऱ्याला. भाचा हे ऐकल्यावर म्हणाला "मग आपलंच कॉपी केलंय त्यांनी". हो रे बाबा, तुझ्यासाठीच केलंय.

पाचवी पायरी: गाडीत चढणं-उतरणं

हे वेगळं काढलं कारण ठाणेकराचं अर्धं आयुष्य ह्यातच जातं. ज्या गाडीत उभं राहून चालता येतं, ट्रेन, बस, विमान, तिथे 'ऑन' आणि 'ऑफ'. ज्यात वाकून बसायचं, रिक्षा, कार, तिथे 'इन' आणि 'आऊट ऑफ' (हा ऑफ म्हणजे of, आधीचा off). म्हणून 'गेट ऑफ द ट्रेन' पण 'गेट आऊट ऑफ द रिक्षा'. त्यानंतर स्टेशनचं नाव आलं की 'ॲट'. 'गेट ऑन ॲट दिघा गाव', 'गेट ऑफ ॲट ऐरोली'. बघा, ऑफ आणि ॲट शेजारी आले, परत तीच जोडी.

आपण सर्रास 'गेट डाऊन ॲट ठाणे' म्हणतो आणि इथे सगळ्यांना कळतं, मी कोणाला टोकत नाही. पण बाहेरच्या माणसाला 'गेट डाऊन' म्हणजे खाली वाक, झोप जमिनीवर, असं ऐकू येऊ शकतं. कस्टमर तिकडचा असेल तर 'गेट ऑफ'. 'आऊट ऑफ'मधला 'ऑफ' अमेरिकन लोक खिडकी-दाराशी गाळतात, 'आऊट द विंडो', इंग्लंडवाले 'आऊट ऑफ द विंडो'. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा, बोलताना काहीतरी एक धरा.

सहावी पायरी: 'इनटू' एक शब्द की दोन

हे बोलताना कळत नाही, लिहिताना पकडलं जातं. 'ही वॉक्ड इनटू द ऑफिस' एकत्र, कारण आत शिरण्याची हालचाल आहे. 'लॉग इन टू युअर अकाउंट' तोडून, कारण 'इन' हा 'लॉग'चा आहे, 'लॉग इन' ही एक क्रिया आणि मग 'टू'. 'शी केम इन टू कलेक्ट द फॉर्म', ती फॉर्म घ्यायला आत आली, इथे 'टू' तर पुढच्या क्रियापदाचा आहे, जोडलं की ती फॉर्मच्या आत घुसली असा काहीतरी अर्थ होईल. ओळखायची युक्ती म्हणजे 'टू'च्या आजूबाजूला बघा. पुढे क्रियापद आलं किंवा 'इन' आधीच्या क्रियापदाचा असला, तर तोडा. 'ऑनटू'चं पण तसंच, 'होल्ड ऑन टू द हँडल' तोडून, 'क्लाइम्ब्ड ऑनटू द प्लॅटफॉर्म' जोडून. इंग्लंडमधले बरेच जण हे दुसरं पण तोडूनच लिहितात त्यामुळे त्यात फार जीव अडकवू नका.

सातवी पायरी: जिथे दिशा विरघळली आहे

'लूक फॉरवर्ड टू', 'रन आऊट ऑफ', 'पुट अप विथ', 'कॅच अप विथ', 'कट डाऊन ऑन', 'लूक डाऊन ऑन', 'पुट थ्रू टू'. रचना तीच, क्रियापद, मग दिशा, मग प्रत्यय, पण आता जागेबद्दल काही नाही. हे मात्र अर्थासकट शिकावे लागतात, तरी थोडा माग सापडतो. 'लूक डाऊन ऑन' म्हणजे कमी लेखणं, वरून खाली बघणं, आपल्याकडे पण कमी लेखण्यात 'खाली' आहेच. 'आय विल पुट यू थ्रू टू बिलिंग' म्हणजे कॉल आरपार बिलिंगपर्यंत पोचवतो. 'वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क', दूध संपलं.

दोन नियम इथे पक्के. एक, प्रत्यय ज्याला लागतो तो शब्द प्रत्ययानंतरच येणार, मध्ये घुसवायचा नाही ('पुट यू थ्रू'मधला 'यू' हा 'पुट'चा आहे, तो चालतो), 'रन मिल्क आऊट ऑफ' असं काही नसतं. दोन, 'लूक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा आपला 'कडे'वाला 'टू' आहे, म्हणून पुढे 'मीटिंग यू', 'मीट यू' नाही. मेलच्या शेवटी ही चूक मी इतक्या मोठ्या मोठ्या साहेबांच्या सहीवर बघितली आहे की काय सांगू.

आठवी पायरी: कान

एवढं सगळं कळूनही फोनवर ऐकू आलं नाही तर काय उपयोग. जोडीतला पहिला शब्द जोरात येतो आणि दुसरा गिळला जातो. 'डाऊन टू द' म्हणजे कानावर येतं 'डाऊनटद', 'आऊट ऑफ' येतं 'आऊटव्ह' नाहीतर नुसतं 'आऊटा'. माझ्या त्या फजितीत हेच झालं होतं, 'डाऊन' टणटणीत आला आणि 'ॲट माय' कुठे गेलं कळलंच नाही. त्यामुळे ऐकताना जोरात आलेल्या शब्दावर उडी मारू नका, त्याच्या मागे काहीतरी बारीक हललं का ते बघा, हललं असेल तर पुढे जागा येणार आहे. इंग्लंडच्या गप्पांत तर कधी कधी ते बारीक पण पूर्ण गाळतात, 'डाऊन द पब' म्हणजे 'डाऊन टू द पब' किंवा 'डाऊन ॲट द पब', संदर्भानेच कळतं.

बोलताना पण तसंच करा. आपण सगळे शब्द सारख्या वजनाने बोलतो, 'आय-ॲम-गोइंग-डाऊन-टू-द-स्टेशन', त्याने चूक होत नाही पण ऐकणारा दमतो. आणि प्रश्न विचारताना प्रत्यय शेवटी लोंबकळतो, 'व्हेअर आर यू ऑफ टू?', तो सोडू नका. भाचा सुरुवातीला 'व्हेअर आर यू ऑफ?' विचारायचा, म्हणजे कुठे बंद आहेस.

सराव कसा करायचा ते सांगतो. वही नको, ॲप नको. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडली की ऐरोलीपर्यंत आजूबाजूची मराठी ऐकायची, फोनवर बोलणाऱ्यांची कमी नाही, आणि जिथे दिशा अधिक जागा येईल ते मनात उलटवायचं. "मी वर ब्रिजवर आहे", 'अप ऑन द ब्रिज'. "आत डब्यात शिर", 'गेट इन' आणि मग लक्षात येणार की ट्रेन आहे, 'ऑन' पाहिजे. "बाहेर रिक्षा स्टँडला थांब", 'वेट आऊट ॲट द रिक्षा स्टँड'. दिवसाला पाच झाले तरी खूप. दोन आठवड्यांनी भाचा स्वतःच वाक्यं आणायला लागला.

परवा असंच एक घेऊन आला. आमची मांजर सोफ्याखालून बाहेर आली, तर 'सोफ्याखालून' कसं म्हणायचं मामा? मराठीत केवढा छोटा शब्द, खाली आणि ऊन, झालं खालून. इंग्लिशला तीन लागतात, 'आऊट फ्रॉम अंडर द सोफा'. आऊट दिशा, फ्रॉम पंचमी, अंडर जागा. रिक्षामागून आला तर 'आऊट फ्रॉम बिहाइंड द रिक्षा'. त्याने दोनदा म्हणून बघितलं, मग म्हणतो, "आणि मांजर परत सोफ्याखाली गेली तर?" 'बॅक अंडर द सोफा', टू नाही, अंडर स्वतःच पुरेसा आहे. तेवढ्यात ती गेलीच.